पडलेली भिंत वाचता आली पाहिजे

(इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर वर कापसाचा भाव आहे, मध्ये वीजबिल आहे आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत, 'अणुभट्टीच्या इमारतीची पडझड' असे छापले आहे. सकाळी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांनी ते नातवाकडून वाचून घेतले आणि आम्हाला विचारले, "भट्टी म्हंजे, इटाची का दारूची?" आम्ही म्हणालो, बाबा, ही तिसरीच आहे, हिच्यात वीज होते. बाबा म्हणाले, "मंग तिचा आमच्या पऱ्हाटीसंगं काय संबंध?"

सवाल रास्त आहे. पऱ्हाटीशी संबंध नाही. ज्या घरात आपण पऱ्हाटी सोडून झोपतो, त्या घराच्या भिंतीशी आहे. आणि त्या भिंतीचा पंचनामा कोण करतो, कसा करतो, याच्याशी तर फारच आहे. तेवढे समजून घेण्यासाठी थोडे लांबून, जपानवरून यावे लागेल. बसा निवांत.

आधी आमच्या घरचे सांगतो. १० जुलै २०२४ ची सकाळ तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. सव्वासातच्या सुमाराला जमीन हलली. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते, तीव्रता ४.५. त्याच वर्षी २१ मार्चला पहाटे सहानंतर असाच एक दणका बसून गेला होता, तोही साडेचारचाच. मार्चमध्ये फक्त फडताळातली भांडी वाजली. जुलैत मात्र आमच्या मागच्या भिंतीत, कोपऱ्याला लागून, वरपासून उभी भेग पडली. वर दोन बोटे रुंद, खाली येता येता बारीक झालेली. भिंत आजोबांच्या काळातली, दगडमातीची. पाहणीला एक गृहस्थ आले. दारातूनच मोबाइलवर एक फोटो काढला, आत आले नाहीत. कागदावर लिहिले: जुनी भेग, काळ्या मातीमुळे.

आम्ही गप्प बसलो. भीती वाटली म्हणून नाही, उत्तर नव्हते म्हणून. भेग नवी आहे हे आम्हाला ठाऊक होते, पण नवी कशावरून, हे सांगता येईना. कापसाच्या पानाच्या कडा पिवळ्या-लाल होऊन वळल्या की तुडतुडे, हे आमच्या घरातले दहा वर्षांचे पोरही सांगते. ज्वारीच्या कणसात काणी कुठे आहे ते आम्हाला बांधावरून दिसते. आणि तीन पिढ्या जिच्या आडोशाला झोपल्या ती भिंत आम्हाला वाचता येत नाही! राग त्या गृहस्थांचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. मग आम्ही शोधायला लागलो, की जगात असे कोणी आहे का, जे मोडकी इमारत नुसत्या फोटोवरून वाचतात? आहेत. आणि त्यांची सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती जपानमध्ये, फुकुशिमाला.

११ मार्च २०११ ला जपानजवळ समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. तासाभरात समुद्राची लाट आली आणि फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रातली वीजयंत्रे बुडाली. भट्टी बंद केली तरी आतले इंधन तापतच राहते, त्याला सतत पाणी फिरवावे लागते. वीज गेली, पाणी फिरायचे थांबले. इंधन ज्या धातूच्या नळ्यांत असते त्या नळ्या तापल्या, वाफेशी त्यांची क्रिया होऊन हायड्रोजन वायू झाला, तो इमारतीच्या वरच्या मजल्यात साठला आणि पेटला. १२ मार्चला पहिल्या भट्टीची इमारत उडाली, १४ ला तिसऱ्या, १५ ला सकाळी चौथ्या.

आता अडचण अशी, की जवळ जायची सोय नाही. किरणोत्सर्ग एवढा, की माणूस उभा राहू शकत नाही. वीस किलोमीटरच्या आतली गावे उठवली गेली, जनावरे दावणीला राहिली. म्हणून जे काही समजून घ्यायचे ते फोटोवरून. उपग्रहाने घेतलेले फोटो, हेलिकॉप्टरमधले फोटो, मग मार्चमध्येच बिनमाणसाच्या छोट्या विमानातून जवळून घेतलेले स्वच्छ फोटो. जगभरचे इंजिनियर ते फोटो समोर घेऊन बसले, जसा वैद्य नाडी धरून बसतो.

त्यांनी काय पाहिले? पहिली गोष्ट, पहिल्या इमारतीचा वरचा मजला बघताना त्यांनी 'किती पडले' हे आधी पाहिले नाही, 'काय उभे राहिले' ते आधी पाहिले. त्या मजल्याच्या भिंती म्हणजे लोखंडी सांगाड्यावर बसवलेले हलके पत्रे होते. पत्रे उडाले, सांगाडा उभा राहिला. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटले की भट्टीच फुटली. जाणकाराला दिसले की हलके होते ते उडाले आणि दाब निघून गेला, खालची जाड काँक्रिटची इमारत मात्र जागेवर आहे. तिसऱ्या-चौथ्या इमारतीचा वरचा मजला काँक्रिटचा होता. तिथे दाबाला वाट सहज मिळाली नाही. म्हणून खांब वाकले, भिंतीचे चौकोनच्या चौकोन निखळले, सळ्या बाहेर लोंबू लागल्या. वायू तोच, पण घर वेगळे, म्हणून मोडणेही वेगळे. मायबहिणींनो, तुम्हाला हे नवे नाही. हलकी ताटली झाकलेली असेल तर पातेले उतू जाते. गच्च बसलेल्या झाकणाचा डबा फुटतो.

चौथ्या इमारतीने सगळ्यांना चक्रावून टाकले. तिच्या भट्टीत इंधनच नव्हते. दुरुस्तीसाठी सगळे काढून वरच्या पाण्याच्या टाकीत ठेवले होते, दीड हजारांवर जुडगे. मग स्फोट कशाचा झाला? टाकीतले पाणी आटून इंधन उघडे पडले की काय, या धास्तीने जग जागे राहिले. पुढे आत माणसे गेली, फोटो आले, आणि त्यात एक साधी गोष्ट दिसली. पाचव्या मजल्याची जमीन वरच्या बाजूला फुगली होती आणि चौथ्या मजल्याची खाली वाकली होती. याचा अर्थ काय? आपली ज्वारीची भाकरी तव्यावर फुगते तेव्हा वाफ कुठे असते? वरचा पापुद्रा वर जातो, खालचा खाली राहतो, वाफ मधे. म्हणजे धमाका चौथ्या मजल्यावर, त्या दोन जमिनींच्या मधे झाला. टाकीतून नव्हे. हायड्रोजन आला होता शेजारच्या तिसऱ्या भट्टीकडून, दोघींचे धुराडे एक असल्यामुळे, त्या नळातून उलटा. शेजाऱ्याच्या बांधावरून पाणी आपल्या वावरात शिरावे तसा.

दुसऱ्या इमारतीची गोष्ट तर आम्ही घरी तीनदा वाचली. चौघींत बाहेरून सगळ्यांत धड दिसते ती ही. छप्पर जागेवर, भिंती जागेवर. बाजूची एक मोठी झडप तेवढी शेजारच्या स्फोटाने निखळलेली आणि तिच्यातून वाफ येताना दिसते. झडप उघडी राहिली म्हणून वायू निघून गेला आणि ती इमारत उडाली नाही. पण आतले भट्टीचे पोलादी कवच गळले होते. पुढच्या तपासांचे म्हणणे असे, की सगळ्यांत जास्त विष बाहेर पडले ते या धडधाकट दिसणाऱ्या इमारतीतून, १५ मार्चला. गुलाबी बोंडअळी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. बोंड बाहेरून हिरवेगार, टपोरे. फोडले की आत सरकी खाल्लेली. फोटोला बोंड दिसते, अळी दिसत नाही.

आणि म्हणून कंपनीचे आणि सरकारचेही फावले. आतले इंधन वितळले आहे हे कंपनीने मान्य केले मे महिन्यात, दोन महिन्यांनी. फोटोत वितळलेले इंधन दिसणार नव्हते. तिकडच्या शेतकऱ्याचे दूध मात्र मार्चमध्येच ओतून द्यावे लागले.

आणखी एक सांगतो आणि जपान सोडतो. चौथी इमारत कलली आहे, पुढच्या हादऱ्यात टाकीसकट पडेल, अशी आवई जगभर उठली. फोटोत ती कललेली दिसायचीही. पण फोटो काढणाराच तिरपा उभा असेल तर कळसही तिरपा दिसतो. तेव्हा तिथल्या लोकांनी काय केले? टाकीच्या चारी कोपऱ्यांवर पाण्याच्या पृष्ठभागापासून जमिनीच्या कडेपर्यंत अंतर मोजले. पाणी नेहमी समपातळीत राहते. इमारत कलली असेल तर एका कोपऱ्यावर अंतर कमी, दुसऱ्यावर जास्त भरेल. चारी ठिकाणी सारखे भरले. इमारत कललेली नव्हती. बाहेरच्या एका भिंतीला सुमारे तीन सेंटिमीटरचा फुगवटा तेवढा सापडला. टाकीखाली पोलादी खांब आणि काँक्रिट घालून २०११ च्या जुलैपर्यंत आधार दिला होताच. २०१४ च्या अखेरीपर्यंत सगळे इंधन सुखरूप बाहेर काढले. एवढ्या यंत्रांच्या देशात शेवटी कामाला आली ती आपल्या गवंड्याची पाणसळ!

आता आपल्या देशात या. कारवारजवळ कैगा म्हणून गाव आहे, काळी नदीच्या काठाला. तिथे अणुवीजकेंद्राचे बांधकाम चालू असताना १३ मे १९९४ ला पहिल्या भट्टीच्या आतल्या घुमटाचा खालचा थर सुटून कोसळला. सुमारे १३० टन काँक्रिट. भट्टीत इंधन अजून घातलेले नव्हते म्हणून विष बाहेर पडायचा प्रश्न नव्हता. पण हा घुमट कशासाठी असतो? आत काही फुटले तर ते बाहेर जाऊ नये म्हणून शेवटचे झाकण. आणि झाकणच, काहीही फुटलेले नसताना, आपणहून पडले.

का पडले, हे आम्हाला समजायला वेळ लागला, आणि समजले ते बैलगाडीच्या चाकावरून. लोहार चाकावर धाव चढवतो तेव्हा ती तापवून बसवतो. थंड झाली की आवळते आणि लाकडाचे तुकडे एकमेकांवर दाबून घट्ट करते. घुमटात तसेच करतात: काँक्रिटच्या पोटातून पोलादी तारा ओवतात आणि यंत्राने ताणतात, म्हणजे काँक्रिट कायम दाबलेले राहते आणि सहसा तडकत नाही. पण घुमट वाकडा, म्हणून तारही वाकडी. वाकडी ताणलेली तार सरळ व्हायला बघते. त्यामुळे आणखी एक ओढ तयार होते, भिंतीच्या जाडीच्या दिशेने, एका थराला दुसऱ्या थरापासून सोडवणारी. लांबी-रुंदीला लोखंड भरपूर होते. थराला थर शिवणारे लोखंड मात्र पुरेसे नव्हते. गोधडीला वरून छान कापड लावले, आतही लावले, आणि मधे टाके घातलेच नाहीत, तर ती कितीशी टिकणार? पापुद्रा सुटला. नंतर घुमटाची रचना बदलली, जाडीच्या दिशेने लोखंड घातले, जास्त मजबूत काँक्रिट वापरले, आणि ती भट्टी २००० साली चालू झाली.

तुम्ही म्हणाल, आपलेच लोक अडाणी. तसे नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात क्रिस्टल रिव्हर म्हणून केंद्र होते. २००९ मध्ये मोठी यंत्रे बदलण्यासाठी भट्टीच्या इमारतीच्या सुमारे साडेतीन फूट जाड भिंतीला भोक पाडायला घेतले, तर भिंतीच्या आतच फट निघाली. बाहेरचा थर आतल्यापासून सुटलेला. बाहेरून फोटो काढला असता तर भिंत नव्या नवरीसारखी. मग भिंत ठोकून आवाजावरून सुटलेला भाग शोधावा लागला, जसे आपण बाजारात मडके वाजवून घेतो. दुरुस्तीला गेले, तर आणखी थर सुटले. २०१३ मध्ये ते केंद्र कायमचे बंद करायचे ठरले.

थर सुटणे. भावांनो, हे दोन शब्द लक्षात ठेवा, कारण आता आपण आपल्या घरी, किल्लारीला येतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसे दमून झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तीव्रता ६.२ च्या घरात. जपानच्या भूकंपापुढे ही तीव्रता फारच लहान; तिथे तेवढ्या हादऱ्यात एवढी माणसे मरत नाहीत. मग इथे का मेली? त्या वेळचे फोटो आजही जुन्या वर्तमानपत्रांत आहेत. आम्ही ते पुन्हा काढून पाहिले, पण या वेळी फुकुशिमावाल्यांच्या नजरेने: काय पडले हे नंतर, काय उभे राहिले हे आधी.

कितीतरी फोटोंत दगडांच्या ढिगाऱ्यात सागाचे खांब आणि तुळया उभ्या दिसतात. खण उभे, भिंती भुईसपाट. म्हणजे लाकडाने घात केला नाही. आपली जुनी भिंत बांधतात कशी ते आठवा. बाहेरून घडीव दगडाचा एक पदर, आतून एक पदर, आणि मधल्या पोटात माती, चिपा, गोटे. दोन-तीन फूट जाड, काही ठिकाणी त्याहून जास्त. जाडीकडे बघून आपल्याला वाटते वाडा म्हणजे गढी. पण दोन पदर एकमेकांना धरणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मधे मधे घातलेलाच नसतो. हलले की पोटातली माती खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पदरांना ढकलते. बाहेरचा पदर गल्लीत, आतला झोपलेल्या लेकरांवर. त्यावर माळवदाची माती, वर्षानुवर्षे गळती थांबवायला थरावर थर टाकत आलेली. कैगाला जे सुटले, क्रिस्टल रिव्हरला जे सुटले, तेच किल्लारीला सुटले. तिथे टाक्याचे लोखंड नव्हते, इथे टाक्याचा दगड नव्हता.

याचा उलटा पुरावाही तिथेच होता. दगडाचेच एक घर, पण दारांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रिटचा पट्टा घातलेला; ते तडकले, पण पडले नाही. आजूबाजूची बहुतेक पडली. कुडाच्या, पत्र्याच्या झोपड्यांतली गरीब माणसे वाचली. आपल्या किनवटच्या बाजूला तुराट्या-पऱ्हाट्या विणून वर माती लिंपलेल्या कुडाच्या भिंती आहेत, त्यांना लोक मागास म्हणतात. हलली तर ती भिंत डुलते. अंगावर पडली तरी माणूस उठून बसतो.

आणि धोक्याचा नकाशा काय सांगत होता? किल्लारीचा भाग सरकारी नकाशात भूकंपाच्या सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ पासून लोक सांगत होते की जमिनीतून आवाज येतात, हादरे बसतात. नकाशा बदलला तो २००२ मध्ये. आधी माणसे गेली, मग रंग बदलला.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागेवर वसवली. त्याखालच्या पडझडीच्या गावांत जागेवरच दुरुस्ती आणि मजबुतीकरण, तेरा जिल्ह्यांत मिळून पावणेदोन लाखांहून जास्त घरे. भिंतीला आरपार भोके पाडून त्यात सळई आणि काँक्रिट भरायचे, म्हणजे नंतर घातलेला टाका, ही पद्धत तेव्हा शिकवली गेली. ज्यांनी ती मनावर घेऊन केली त्यांच्या भिंती आजही पाहता येतात. बऱ्याच ठिकाणी मात्र मजबुतीकरणाचे पैसे म्हणजे पुढे एक नवी खोली आणि मागे तीच जुनी भिंत, असे झाले. यात आम्ही नुसता सरकारला दोष देणार नाही. आम्हालाही नवी खोलीच हवी होती. भिंतीच्या पोटात काय आहे हे बघायची आमची तयारी नव्हती.

आता पुन्हा आमच्या मागच्या भिंतीकडे. ती भेग जुनी की नवी, काळ्या मातीची की भूकंपाची?

काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. तुमच्या वावरात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती घराच्या पायाखाली आहे. पाया एका बाजूला खचला की भिंत तडकते. ती भेग बहुतेक वेळा पायाकडून सुरू झालेली दिसते, उन्हाळ्यात उघडते, पावसात मिटते, दर वर्षी. हादऱ्याची भेग वेगळी. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, कधी दोन तिरप्या भेगा एकमेकींना फुलीसारख्या छेदणाऱ्या. किंवा दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात उभी, वर रुंद आणि खाली बारीक, कारण भिंतीचा माथा जास्त हलतो आणि कोपरा वरून उसवतो. आमची भेग या शेवटच्या जातीची. जाता जाता, कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात एवढे मोठे काँक्रिटचे धरण तडकले ते कुठे? वरच्या भागात, जिथे धरणाची जाडी एकदम कमी होते, तिथे. भेग कुठेही पडत नाही. ती कमजोर जागा शोधून पडते.

मग जुनी-नवी. नव्या भेगेची धार तीक्ष्ण असते, आतला मातीचा रंग ताजा असतो. जुन्या भेगेत धूळ, जाळी, मुंग्यांची वाट, आणि मुख्य म्हणजे मागच्या दिवाळीचा चुना आत गेलेला असतो. आमच्या भेगेत चुना नव्हता. तिच्या दोन्ही काठांवर चुना होता, आत कोरी माती. हे त्या दिवशी आमच्या तोंडात असते तर!

राहिला आधीचा फोटो. फुकुशिमाला जाणकारांनी स्फोटाआधीचे फोटो शेजारी ठेवूनच नवे फोटो वाचले. आमच्याकडे भिंतीचा फोटो कुठून असणार? भिंतीचा फोटो कोणी काढतो का? पण आमच्या घरातल्या म्हातारीने डोके चालवले. म्हणाली, पोरीच्या लग्नाचा अल्बम काढा. हळदीचा मांडव मागच्या अंगणातच होता. आणि खरेच, हळद लावतानाच्या फोटोत, नवरीच्या मागे, तोच कोपरा. अख्खा. वर आंब्याचा डहाळा टांगलेला, भेगेचा पत्ता नाही. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख.

तेव्हा आज घरी गेलात की एवढे करा. घराच्या चारी बाजूंचे फोटो आजच काढून ठेवा, काही मोडलेले नसताना, आणि भिंतीसमोर सरळ उभे राहून. नुकसान झाले तर आधी लांबून अख्खी भिंत, मग जवळून भेग, भेगेची दोन्ही टोके, आणि प्रत्येक फोटोत शेजारी मोजपट्टी धरा, नाही तर काडेपेटी. भेगेजवळ ओळंबा सोडून त्यासकट फोटो काढा, म्हणजे भिंत कललीय की फोटो तिरपा आहे यावर वाद राहणार नाही. आणि भिंतीला पोट सुटले आहे का, हे समोरून दिसत नाही. कोपऱ्याला गाल टेकवून भिंतीच्या कडेने बघा, दोरी ताणून बघा. हातोडीने हलके ठोका. भद्द आवाज आला तर तिथे पदर सुटलेला आहे, आणि त्या भिंतीजवळ लेकरे झोपवू नका, मग पंचनाम्यात काहीही लिहिलेले असो.

पूर्वी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीत हात घालून एक मूठ कापूस बाहेर काढायचा आणि त्यावर अख्ख्या गाडीची प्रत ठरवायचा. आपण तेव्हा भांडलो, की बाबा, गाडी उलटून बघ. दारातून काढलेला एक फोटो म्हणजे तीच मूठ आहे.

आम्ही अल्बममधला तो फोटो, भेगेचे सात फोटो आणि चुन्याची हकिकत लिहून पुन्हा अर्ज दिला. दुसऱ्या खेपेला वेगळे गृहस्थ आले, आत आले, भेगेत बोट घालून पाहिले. कागदावर 'जुनी' खोडले आणि 'अंशतः पडझड' लिहिले. रक्कम सांगण्यासारखी नाही. त्यात भिंत होत नाही. भिंत आम्ही आता वरून अर्धी उतरवली आहे आणि गवंड्याला सांगून दर चार फुटांवर आरपार दगड घालून घेत आहोत. उरलेल्या अर्ध्या भागातल्या भेगेवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर तारीख घातली आहे. भेग हलली तर कागद फाटेल. परवा पाहिली तेव्हा अखंड होती.